मोनाने दाखवलेलं गाव

मौजे कुरुंदगाव,
सोयाबीन निघालं, दिवाळी यायची आहे.

चि. पृथ्वीराज यास थोरला भाऊ कृष्णात याचे अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या वहिनीचे त्याहून चार जास्त.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. माझा उजवा गुडघा तेवढा सुखरूप नाही, पण त्याचं कारण पुढे येईलच. तुमची खुशाली कळव. चि. सौ. तेजस्वीची कंबर कशी आहे? तुमच्या सोसायटीत पाणी वेळेवर येतं का, की अजून टँकरच्या मागे पळता? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू ‘हं, बोल दादा’ म्हणतोस आणि मला लगेच तुझ्या ऑफिसचं दार दिसायला लागतं. मग मी ‘काही नाही, सहज’ म्हणून ठेवून देतो. पत्राला तसं ‘हं, बोल’ म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

मोनाला विकून टाक असं तू मागच्या फोनमध्ये म्हणालास. मी तुझ्याशी पूर्ण सहमत आहे. म्हैस आता म्हातारी झाली, दूध आटत चाललंय, वहिनीला वाकून शेण काढवत नाही आणि मला वाकलं तर उठवत नाही. वडगावच्या बाजारातला एक व्यापारी येऊन तिचे दात बघून गेलाय (माझ्याकडेही त्याने त्याच नजरेने बघितलं, पण मी तोंड मिटून घेतलं). पाडवा झाला की तो गाडी घेऊन येणार. तेव्हा तो विषय संपला, त्यावर एक शब्दही लिहिणार नाही. हे पत्र वेगळ्याच कामाचं आहे.

झालं असं की कोल्हापूरहून अदिती नावाची एक मुलगी येणार म्हणून सरपंचांचा निरोप आला. विद्यापीठात शिकते. एका लहानशा शेतकी गावाचा भूगोल, इतिहास आणि अर्थव्यवस्था यावर तिला मोठा निबंध लिहायचा होता. गाव दाखवायला माहितगार माणूस पाहिजे म्हणून सरपंचांनी माझं नाव सुचवलं. (दुसरं कोणी रिकामं नव्हतं असं तुझी वहिनी म्हणते. तिकडे लक्ष देऊ नकोस.) मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आदल्या दिवशी गोठ्यात उभं राहून मोनासमोर भाषणाची तालीम केली. ‘आपलं गाव नदीच्या वळणावर वसलं असून जमीन काळी व कसदार आहे,’ इथपर्यंत मोनाने शांतपणे ऐकलं. ‘इतिहासाकडे वळू या’ म्हटल्यावर ती खाली बसली.

बाई एसटीने येणार असा निरोप होता. आली मोटारसायकलवर. आणि मोटारसायकल कुठली, तर राजदूत! तिच्या वडिलांना जुन्या गाड्यांचा नाद, त्यांनीच ती दुरुस्त करून पोरीला चालवायला शिकवली. आता राजदूतचा आवाज आणि आपली मोना यांचं नातं तुला मी सांगायचं म्हणजे कमालच झाली. पण सांगतो, कारण पुण्यात राहून माणूस काय काय विसरतो कुणास ठाऊक. मोना रेडकू होती तेव्हापासून तू राजदूतच्या बाजूच्या पेटीत शेंगपेंडीचा खडा ठेवायचास, गाडी चालू करून मळ्याच्या वाटेने पुढे पळायचास आणि ती कान टवकारून मागे. गाडी थांबली की पेंड. दर दिवाळी पाडव्याला, म्हशींच्या मिरवणुकीत, तू सायलेन्सर काढून सगळ्या गावाचे कान बसवायचास, मागून मोना, शिंगांना हिरवा रंग, गळ्यात घुंगरू, आणि तिच्यामागे ओरडणारा मी. दुसऱ्यांच्या म्हशी बिचकून कुणाच्या तरी अंगणात शिरायच्या, आपली मोना कधी नाही. तू नोकरीला गेलास तेव्हा राजदूत टेम्पोत चढवून नेलीस. गाडी बंद होती म्हणून मोना टेम्पोमागे पळाली नाही. नुसती बघत राहिली. (मीही.)

तर त्या सकाळी गल्लीच्या टोकाला तो आवाज आला आणि पुढच्या क्षणी मोना फाटकाबाहेर होती. दावं तिने तोडलं, ते जुनंच होतं. फाटक उघडं कसं होतं हा आमच्या घरात अजून वादाचा विषय आहे, त्यात तुला ओढत नाही. बाईंनी समोरून येणारी म्हैस बघितली आणि गाडी गर्रकन वळवली. शहरातल्या माणसाला वाटतं, जनावर मागे लागलं की वेग वाढवावा. आणि मोनाला तू शिकवलेलं, की गाडीने वेग वाढवला की आपणही वाढवावा. मी मागून ओरडत होतो, ‘ओ बाई, गाडी बंद करा, गाडी!’ पण राजदूतच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

आता मोठ्या मनाने कबूल करतो की मी दाखवलं असतं त्यापेक्षा गाव मोनाने चांगलं दाखवलं. पहिल्यांदा तालीम लागली. लाल मातीच्या हौद्यात हल्ली कुणी उतरत नाही, पोरं आरशासमोर दंड फुगवून फोटो काढतात. त्या दिवशी मात्र सगळी दारात येऊन उभी राहिली. तालमीशेजारी तो दगडी हौद. त्यात कुठल्याशा संस्थानिकाचा हत्ती पाणी प्याला असा आपल्या गावचा दावा आहे. (वरच्या गल्लीतले म्हणतात, हत्ती नव्हता, घोडा होता. खालच्या गल्लीतले म्हणतात, हत्तीच, आणि तोही दोनदा.) मी इतिहास म्हणून हेच सांगणार होतो, पण बाई एवढ्या वेगात हौदावरून गेल्या की हत्ती असता तरी त्यांना दिसला नसता.

पुढे दूध संस्था. तिथे कॅन घेऊन उभ्या बायकांनी वाट करून दिली. तिथून गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि तिथे ज्ञानू पाटलाचं सोयाबीन वाळत पसरलेलं. ज्ञानू हातात फावडं घेऊन उभा. आधी बाई त्यातून गेल्या, मग मोना गेली, मग मी गेलो, आणि मी जाताना घसरून गुडघ्यावर बसलो. ज्ञानूने उचलण्याआधी विचारलं, ‘आण्णा, म्हस पळाली, का तुमीच पळीवलीसा?’ मी म्हटलं, ‘आधी उठीव की मर्दा!’ त्याने उठवलं आणि वर म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या सोयाबीनचं, आयती मळणी झाली.’

मी लंगडत निघालो. उजव्या हाताला आपलं गुऱ्हाळ लागलं. आपलं म्हणजे पूर्वीचं. रस कढवायच्या ज्या चुलवणाभोवती बसून आपण काकवीत बोटं बुडवायचो, तिथे आता पत्र्याचं शेड आहे आणि आत यंत्रमाग खटखटतात. इचलकरंजीत जागा पुरेना, कबनूर भरलं, तेव्हा माग आपल्यापर्यंत आले. ओरिसाची दोन कुटुंबं राहायला आहेत, त्यांची पोरं आपल्या शाळेत मराठीत भांडतात. वाईट काही नाही त्यात, शाळेचा पट त्यांच्यावरच टिकलाय. पण शेडवरून जाताना अजून माझं नाक आपोआप वर होतं, गुळाचा वास येतोय का बघायला. येतो तो तेलाचा. त्या दिवशी धापा टाकत असतानासुद्धा मी नाक वर केलंच.

शेवटी सगळी वरात नदीवर गेली. रस्ता तिथेच संपतो, त्यामुळे बाईंचाही इलाज संपला. घाटावरच्या वाळूत गाडीचं चाक रुतलं, इंजिन बंद पडलं. मी पोचलो तेव्हा ती पोरगी देवळाच्या भिंतीवर चढून बसली होती, नेमकी महापुराच्या खुणेच्या खाली. (पाणी कुठवर चढलं होतं हे भूगोलात सांगायचं ठरवलं होतंच, तेही आपोआप झालं.) आणि मोना? मोना तिच्याकडे बघतही नव्हती. राजदूतच्या डाव्या बाजूच्या पेटीला नाक लावून उभी होती. बाई भिंतीवरून म्हणाल्या, ‘काका, हिला नेमकं काय हवंय?’ मी सांगितलं, पेंड. त्या म्हणाल्या, ‘पण ही गाडी तर तिने कधी पाहिलेली नाही.’ मी म्हटलं, ‘तिला ठावं न्हाय त्ये.’

पोरगी गुणी. खाली उतरली, पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून मोनापुढे धरला. मोनाने कागदासकट खाल्ला. मग नदीकाठी बसून बाईंनी प्रश्न विचारले. नदीचं वळण, काळी जमीन, पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन, ऊस, दूध, सगळं मी व्यवस्थित सांगितलं. गावातून बाहेर काय काय जातं असं विचारल्यावर म्हटलं, ऊस कारखान्याला जातो, दूध संघाला जातं, कापड इचलकरंजीला जातं आणि शिकलेली पोरं पुण्याला जातात. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, परत काय येतं? मी म्हटलं, कारखान्याकडून साखर येते, पाहिजे तर तेवढं लिहा.

परत येताना अडचण अशी की मोना चालत येईना. तिला पुढे चालू गाडी पाहिजे. माझा गुडघा तर नुसता भोपळा. शेवटी बाईंनी गाडी चालू केली, मला मागे बसवलं आणि आम्ही हळूहळू निघालो, मागे मोना. घुंगरू नाही, रंग नाही, पण चाल पाडव्याची. गाव दोन्ही बाजूंना उभं. ज्ञानू ओरडला, ‘पाडवा आजच करतासा व्हय, आण्णा?’ दूध संस्थेजवळ कुणीतरी शिट्टी मारली. मी मागे वळून बघितलं, तर म्हाताऱ्या मोनाचे कान उभे. कितीतरी दिवसांनी उभे. मला खूप बरं वाटलं, हे उघडच लिहितो.

बाकी क्षेम. इकडची काळजी करू नकोस. काळजी करायचीच तर येऊन कर. लहानांना पापे, चि. सौ. तेजस्वीला आशीर्वाद.

तुझा,
कृष्णात दादा

ता. क. वडगावचा व्यापारी पाडव्यानंतर येणार म्हणून लिहिलं, ते बरोबरच आहे. फक्त कुठल्या पाडव्यानंतर ते मी त्याला सांगितलेलं नाही.

आणखी एक. तुझी राजदूत पार्किंगमध्ये कव्हर घालून पडून आहे असं म्हणाला होतास. या दिवाळीला घेऊन ये. टेम्पोचं मी बघतो. सायलेन्सरचं इथे बघू. शिंगांचा रंग वहिनीने आणून ठेवलाय, तोही हिरवाच.

तिसरं. रजा नसेल तर निदान गाडी चालू करून तिचा आवाज फोनवर पाठव. मोनासाठी. वहिनीच्या फोनवर नको, माझ्या फोनवर पाठव.

आणि शेवटचं. फाटकाचं. मी वहिनीला सांगितलंय की बाई येणार म्हणून उघडलं. बाई एसटीने येणार होत्या, त्यांना अजून अवकाश होता, हे तिला ठाऊक आहे. गल्लीच्या टोकाला आवाज आला आणि मी चहा तसाच ठेवून उठलो. मोनाने दावं तोडलं ते नंतर. तिच्या आधी फाटकाशी मी पोचलो होतो, पृथ्वीराज. मला वाटलं, तू आलास.