तांदळातलं नाव

३ सप्टेंबर
मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागेत आज भलतंच दिसलं. दोन पानांच्या मध्ये जाळं, जाळ्यात कोळ्याची ती काळी-पिवळी मादी, बोटभर लांब पायांची. आणि कडेला — माझा नर, मीच नाव दिलेल्या जातीचा! तांबूस, नखाएवढा. एक धागा हळूच छेडायचा, थांबायचा, पुन्हा छेडायचा. ती हलत नव्हती, पण ऐकत होती. मीही ऐकत बसले. बागेत उजेडसुद्धा हिरवा. किती वेळ गेला कुणास ठाऊक, रिक्षावाला भोंगा वाजवून कंटाळला.

घरी आल्यावर जुन्या नोंदी काढून बसले. परक्या जातीच्या मादीची अशी मनधरणी कोणताच कोळी करत नाही.

४ सप्टेंबर
स्वतःपुरतं तरी नीट लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी मला नुसते हे नर सापडले. ही नवीच जात, असं मी जगाला सांगितलं आणि तिला आईचं नाव दिलं. नूतन — लॅटिनमध्ये नूतनाए. त्या मोठ्या मादीला मात्र दीडशे वर्षांपूर्वीच कोणी साहेब नाव देऊन गेलाय. हे दोघं एकाच जातीचे निघाले तर? आमच्या शास्त्राचा कायदा सरळ आहे. एका जीवाला दोन नावं पडली, तर आधीचं राहतं. नंतरचं जातं.

म्हणजे आईचं जातं.

धरणगावचं शेत माझ्या भावाच्या, नवलच्या नावावर. घर अजून बाबांच्याच, ते जाऊनही. आईच्या नावावर जगात एकच गोष्ट — एक कोळी! पेपरातलं कात्रण फ्रेम करून तिनं मुक्ताईच्या फोटोशेजारी लावलंय. आल्यागेल्याला चहाच्या आधी ते दाखवते.

२१ सप्टेंबर
त्याच मादीची अंड्यांची पिशवी घेऊन आले. बरणीत ठेवलीय. पिल्लं मोठी होतील, ती काय ते सांगतील.

१० ऑक्टोबर
पिल्लं! फुंकर घातली तर उडतील अशी. काही सुटलीच — खिडकीत गेली, धागा सोडला आणि हवेवर निघाली. कॉलेजच्या मैदानावरून, निंबावरून, कुठेतरी. आपल्याला काय म्हणतात याची त्यांना फिकीरच नाही. हेवा वाटला.

१८ ऑक्टोबर
स्वप्नात आई जाळ्याच्या मधोमध बसून शेवया करत होती. मी कडेवरून धागा छेडला. तिनं वळून पाहिलं नाही.

१४ जानेवारी
शंका संपली. एकाच पिशवीतली पिल्लं — काही अजून वाढतायत, काळी-पिवळी. काही थांबलीत. तांबूस, नखाएवढी. नूतन!

आमचे विभागप्रमुख प्रेमराज सर तिळगूळ देता देता म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. कोळ्याला कोण बघायला येतंय?" मोह झाला. इथे कशाला खोटं लिहू — चांगलाच झाला.

१९ जानेवारी
धरणगावला जाऊन आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "मंग पहिलं नाव ऱ्हास?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तिनं आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

मग म्हणाली, "नूतन हाई तुन्हा बापना घरनं नाव शे. लगीनमा ताटमा तांदूय पसारं, तेवर तेस्नी आंगठीघाई लिखं. माले वाचताबी येत नव्हतं. कोनी तरी वाचं, तवय समजनं, मी नूतन."

"मग आधीचं?"

"भिकू."

आजीची तिच्या आधीची दोन मुलं जगली नाहीत. हिला कोणाची नजर लागू नये, म्हणून भिकू. सासरी ते कोणाला आवडलं नाही. तिचे पहूरचे भाऊ, तोताराममामा, मात्र शेवटपर्यंत तेच म्हणायचे, असं ती म्हणाली. लहानपणी मी ते ऐकलं असेल, पण मामा चिडवतात असंच वाटायचं. "तो गया. आते कोनीच नही."

कोळ्यांची दीडशे वर्षांची नावं मला तोंडपाठ. आणि हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.

निघताना म्हणाली, "खरं ते लिखी टाक." फ्रेमकडे तिनं पाहिलं नाही. मीही नाही.

२ फेब्रुवारी
दुरुस्तीचा लेख पाठवला. नूतनाए गेलं. थोडी रडले.

८ फेब्रुवारी
धरणगाव. आई मागच्या अंगणात, पाठमोरी, दोरीवर लुगडं घालत होती. मी दारातूनच हाक मारली — भिकू.

"ओऽ!"

एवढ्या पटकन तिनं आजवर कधी ओ दिली नव्हती. वळली. मला पाहिलं, आणि तरी माझ्या मागे, दारात, आणखी कोण आलंय ते बघत राहिली.