औषधाच्या लेबलावरची जुनी ओळ

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी परवा भर दुपारी ऑफिसात मी मनातल्या मनात तुमचाच धावा केला. इतकी घाबरले होते.

शनिवार पेठेतला तुमचा क्लास आठवतो. मी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिलाय, नाव मोठ्या अक्षरांत छापायचंय आणि ते हट्टाने छोट्याच अक्षरांत येतंय. मी कॉम्प्युटरच बिघडलाय म्हणते. तुम्ही खडू खाली ठेवता. "अहो बाई, स्ट्रिंग, म्हणजे ही अक्षरांची माळ, एकदा झाली की झाली. बदल मागितलात तर ती नवी करून देते, स्वतः बदलत नाही. नवी तुम्ही घेतलीच नाहीत, मग जुनीवर कशाला डाफरताय?" सगळा वर्ग हसला. मला तुमचा भयंकर राग आला होता. हा धडा आपण जन्मात विसरणार नाही, असंही वाटलं होतं.

आणि विसरले. बिबवेवाडीतल्या आमच्या छोट्या कंपनीने एका हॉस्पिटलला औषधांची लेबलं छापणारा प्रोग्राम दिलाय, परवा सकाळीच तो तिथे सुरू झाला. डॉक्टरांनी औषध बदललं की लेबलावरचं जुनं नाव जाऊन नवं यायला हवं. ते करणारी प्रोग्राममधली ओळ माझी. मी बदल सांगितला, पण मिळालेली नवी स्ट्रिंग कुठे ठेवलीच नाही. त्यामुळे छापली जायची ती जुनीच. तपासताना आम्ही नवे पेशंट घालून पाहिले होते, औषध बदललेला एकही नाही. परवा दुसरंच काही शोधताना ती ओळ दिसली. मी थेट वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, आज कुणाचं औषध बदललंय?"

"एका आजोबांचं. का हो?"

"लेबल बघू नका, डॉक्टरांचा कागद बघा. दिलं का त्यांना?"

"थांबा, बघून येते."

पलीकडे कुणाची तरी खोकल्याची उबळ ऐकू येत होती. ते तेच आजोबा असतील का? शेजारच्या टेबलावर डबे उघडत होते. मग सिस्टर परत आल्या. "द्यायचंय अजून. झालं काय पण?"

मी सगळं सांगितलं, छपाई थांबवली, ओळ दुरुस्त केली. चूक वेळेत सापडली म्हणून साहेबांनी कौतुक केलं. मला ते ऐकवेना.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायची हिंमत नाही. काल मुलीला ताप होता. औषधाची बाटली हातात घेतली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं, तरी चमच्यात ओतता येईना. शेवटी नवऱ्याला वाचायला लावलं. चष्मा सापडत नाही, असं त्याला सांगितलं.