अजून थोडं पाणी

रविवार, सकाळ
पार्लरची मागची खोली

प्रिय ताई,

पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी तिच्या कपाळावर आडवा तळहात धरला आणि नळ सोडला. त्या क्षणी माझं कॉलेज संपलं. सरांशी भांडलो, वर्गाचं दार आपटून आलो, बाबांनी बोलणं टाकलं, हे सगळं खरंच आहे. पण ते नंतरचं. मूळ हे. आधीच लिहून टाकलं, नाहीतर नेहमीसारखं शेवटपर्यंत पोचता पोचता गिळलं असतं.

आता रीतीनं लिहितो. मी बरा आहे. तू बरी असशील, भाऊजींची कंबर सरळ झाली असेल, छोटीला पुढचे दात आले असतील. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस, त्या ‘हं’नं माझं डोकं फिरतं, मी काहीतरी बोलून जातो आणि तू फोन ठेवतेस. कागदावर तुला ‘हं’ म्हणता येत नाही.

तू विचारलंयस, परत कॉलेजात जाणार का, हो की नाही, एका शब्दात सांग. सांगतो. आधी माझं काम काय ते ऐक. बाबांना वाटतं मी बायकांच्या पार्लरमध्ये झाडू मारतो. तसं नाही. मी केस धुतो. मागच्या भिंतीला बेसिनं आहेत, मान टेकायला त्यांना खाच असते, तिथं दिवसभर उभा असतो. म्हणून इथं सगळे मला नळ्या म्हणतात. आधी चिडायचो. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर मीच मागं वळून बघतो, कुणाला बोलावतायत म्हणून.

हे काम मी खरं तर तुझ्याकडूनच शिकलो. आठवतं का, तू मोरीत वाकून बसायचीस आणि मी मगानं पाणी ओतायचो? सकाळी धुतलेले तुझे केस दुपारी पुन्हा चपटे. मग तू अजून कडक साबण घ्यायचीस, अजून जोरात घासायचीस, टाळू लाल व्हायची. वर्गातल्या पोरी तुला ‘कढई’ म्हणायच्या. मी त्यातल्या एकीच्या भावाला धरून बडवलं. त्याचा ओठ फुटला, मला घरी मार बसला, आणि तुझे केस होते तसेच तेलकट राहिले.

जिच्यापासून पत्राची सुरुवात केली, तिचेही केस अगदी तसेच. ती विम्याच्या कचेरीत काम करते. एकदा सुट्टीवरून परत आली तर तिच्या खुर्चीच्या पाठीला कुणीतरी वर्तमानपत्र चिकटवून ठेवलं होतं, डोक्याचा डाग पडतो म्हणून. हसत हसतच सांगितलं तिनं मला. बेसिनवर मान टेकून, डोळे मिटून पडलं की माणसं काय काय बोलतात ताई, तुला कल्पना नाही. आणि बोलतात ती छताशी. धुणारा तिथं असतो आणि नसतो.

ती दर बुधवारी दुपारी यायची. मी तेव्हा कॉलेज सांभाळून इथं काम करायचो, आणि बुधवारी दुपारीच सरांचा तास असायचा. बाकीचं तू जुळव.

तिला मीच म्हणालो, शाम्पू सोडा. शाम्पू टाळूचं होतं नव्हतं ते तेल ओरबाडून काढतो, टाळू घाबरते आणि दुप्पट तेल सोडते. त्याऐवजी पातळ कंडिशनर घ्यायचा, टाळूला लावायचा, बोटांच्या पेरांनी पुष्कळ वेळ चोळायचा आणि मग धुवायचा. हे कुठंतरी वाचलं होतं आणि आधी स्वतःच्या डोक्यावर करून बघितलं होतं. सुरुवातीचे आठवडे भयंकर जातात. केस असे लोंबतात की आरशात बघवत नाही. मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, म्हणाल्या, “तेलकट केसांना कंडिशनर? चिखल चिखलानं धुणार का रे?” कात्रीवाली म्हणाली, “नळ्या, तुझ्या डोक्यात वात खोच, वीज गेली तर कामाला येशील.” मी कंगवा भिरकावला. तो आरशाला लागला. आरसा वाचला म्हणून नोकरी वाचली.

पण टाळू शांत झाली ताई. एके दिवशी सकाळी उठलो, केसांतून हात फिरवला आणि हाताला काहीच लागलं नाही.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. वाईट आठवड्यांत रुमाल बांधून कचेरीत गेली. दोनदा रडली, एकदा म्हणाली, “शाम्पू लाव रे बाबा, हरले मी.” मी म्हणालो, “आज लावलात तर पुन्हा पहिल्यापासून.” तिनं मान पुन्हा बेसिनवर टेकली. कुणी माझं ऐकतंय असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मला वाटलं, याचा काहीतरी अर्थ असणार. आता तू म्हणशील, वेडा आहेस. म्हण.

या कामात एक मेख आहे, तेवढी ध्यानात ठेव. सगळा खेळ शेवटच्या पाण्यात आहे. कंडिशनर धुवून निघाला असं वाटतं तेव्हा तो निघालेला नसतो. केस बुळबुळीत लागायचे थांबले, की तिथून पुढं अजून थोडं पाणी, आणि मग अजून थोडं. नळ जरा आधी बंद केला तर ओले असताना काही कळत नाही. वाळल्यावरही तासभर छान दिसतात. मग चिकटायला लागतात, दोऱ्या होतात, टाळू उघडी पडते. आणि दोष कुणाचा ते कुणालाच कळत नाही.

हे का सांगतोय? आज पार्लर बंद असतं, तरी मी आलोय. ती येणार आहे. मॅडमनी किल्ली देऊन ठेवलीय. दुपारी तिचं लग्न आहे.

लिहिलं एकदाचं.

मागच्या महिन्यात असंच डोळे मिटून म्हणाली, “लग्नात केस मोकळे सोडणार आहे मी. त्याला सांगून ठेवलंय, बघच म्हटलं.” माझ्या हातातला फवारा सुटला. “अरे, तोंड धुतोयस का माझं?” म्हणून हसली. मी टॉवेल दिला. कोण, कुठला, कधी ठरलं, काही विचारलं नाही. विचारणार कोण मी? नळ्या. घरी जाऊन उशीवर बुक्क्या मारल्या, तर घरमालकीण वर येऊन विचारते, “ढेकूण झालेत का?”

तिची चूक नाही, हे मला कळतं. तिला मी कधी काही बोललो नाही. तिनं माझ्याकडून केस धुवून घेतले, बस. पण ताई, मी इतके महिने तिचे केस दुसऱ्यासाठी धुतले. हे एकदा डोक्यात आलं की काही सुचत नाही. काल ठरवलंय. काही तोडायचं नाही, कुणाला मारायचं नाही. फक्त नळ जरा आधी बंद करायचा. दुपारी फोटो काढताना सगळ्यांसमोर तिचे केस चिकटतील. तिला कळणारसुद्धा नाही. मला कळेल.

तू आत्ता ‘हं’ म्हणालीस. ऐकू आलं मला.

बेल वाजली. आली. येतो.

*

ताई, पत्र अर्धंच ठेवून गेलो होतो. आता ती गेलीय. हात अजून ओले आहेत, अक्षर फिसकटलं तर समजून घे.

ती एकटी आली नाही. बरोबर तो होता.

मला वाटलं होतं, समोर आला तर काहीतरी होईल. माझं डोकं तर तुला माहीत आहे. पण रागावण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं गं! कपाळावरचे केस आत्ताच विरळ होत चाललेले, शर्टाची इस्त्री एकाच बाजूला केलेली. दारातच चपला काढायला लागला. मी म्हणालो, राहू द्या. तर म्हणतो, “फरशी स्वच्छ दिसतेय, तुम्हीच पुसत असणार.” हा टोमणा असावा अशी मी फार इच्छा केली. तो टोमणा नव्हता.

ती बेसिनवर मान टेकत म्हणाली, “याला शिकव ना. आम्ही इतक्या लांब जाणार, तिथं मी नळ्या कुठून आणू? मला एकटीला मागचे केस जमत नाहीत.”

तो म्हणाला, “शिकवा दादा. मी हातानं जरा धांदरट आहे, पण सांगाल तसं करतो.”

मी काय करायला हवं होतं, सांग. बाहेर जा म्हणायला हवं होतं. जमत नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून आलं, “बाह्या वर करा.”

केस मी भिजवले. कंडिशनर मी लावला, पण चोळायला त्याला दिलं. त्यानं नखं लावली. “पेरं, पेरं वापरा,” मी म्हणालो. तो लगेच थांबला आणि तिला विचारलं, “लागलं का?” ती म्हणाली, “माझ्या डोक्यात काही हरवलंय का तुझं?” दोघं हसले. मी बाटलीचं झाकण लावत राहिलो. लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा लावता येतं.

मग पाणी. त्यानं फवारा धरला तो थेट, कपाळावरून ओघळ तिच्या डोळ्यांत. ती ओरडली. तो घाबरला. “असं नाही,” मी म्हणालो आणि त्याचा डावा हात मनगटाला धरून तिच्या कपाळावर आडवा ठेवला. बोटं जुळवली, अंगठा आत घेतला. माझ्या जागेवर मी माझ्या हातानं त्याचा हात ठेवला, ताई. तिनं डोळे मिटले. चेहरा सैल झाला, नेहमी व्हायचा तसाच. तो कुणाचा हात आहे यानं तिच्या चेहऱ्याला काही फरक पडला नाही. पडणार कसा?

थोड्या वेळानं त्यानं केस चिमटीत धरून बघितले. “झालं ना?”

आता बघ. मला नळाला हातसुद्धा लावावा लागणार नव्हता. नुसतं ‘झालं’ म्हणायचं होतं. नळ तोच बंद करणार होता. दुपारी केस चिकटले असते, लग्नाच्या दिवशी तिनं त्याच्याकडेच बघितलं असतं, आणि मी इथं खुर्च्या पुसत बसलो असतो. काल ठरवलं त्यापेक्षाही सोपं. शब्द जिभेवर होता.

मी म्हणालो, “अजून थोडं.”

चांगुलपणा म्हणून नाही, उगाच मला मोठं करू नकोस. तो शब्द निघालाच नाही. माझ्या बोटांना ते केस ठाऊक आहेत, अर्धे धुतलेले त्यांना बघवत नाहीत, एवढंच. आयुष्यभर माझा हात माझं न ऐकता कुणावर तरी उठला. आज उठायला हवा होता, तर तोही नाही.

त्यानं पुन्हा विचारलं, “आता?” मी म्हणालो, “अजून.” ती म्हणाली, “गारठले मी, लग्न आहे आज माझं, अंघोळ नाही.” मी म्हणालो, “अजून थोडं पाणी.” मग कानामागे बोट लावून बघितलं. तिथंच राहतं शेवटी. स्वच्छ होतं.

“झालं,” मी म्हणालो. नळ त्यानं बंद केला.

केस वाळवून ती उभी राहिली आणि मान हलवली. काय सांगू. तो बघतच राहिला. मीही बघत होतो, पण आरशात, म्हणजे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. जाताना ती म्हणाली, “नळ्या, तुझ्या बायकोची चैन आहे रे पुढं.” आणि तो माझ्याशी हात मिळवायला आला, त्याचा ओला, माझा ओला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. एका शब्दात देता येत नाही. कॉलेज सोडलं ते बुधवारसाठी. आता बुधवारीच काही उरलं नाही. घरी येऊ का? बाबा दार उघडतील का? मला काही कळत नाही ताई, खरंच काही कळत नाही. तुझे केस अजून तसेच असतील तर शाम्पू सोड. वाईट आठवड्यांत घाबरू नकोस. आणि भाऊजींना हात आडवा कसा धरायचा ते सांग.

बेसिन पुसून ठेवलंय. किल्ली मॅडमच्या खणात टाकतो. कुलूप आपोआप लागतं, म्हणजे एकदा दार ओढलं की मला परत आत येता येणार नाही. पाकीट चिकटवतो, दिवा मालवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. आपटत नाही.

तुझा,
हात वाळलेला
धाकटा