साक्षगंधाची साडी

मंगळवार, संध्याकाळ. गोंडपिपरी.

आज भरतीच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर इंग्रजीत 'प्रॉमिस' लिहिलं आणि समानार्थी, विरुद्धार्थी शब्द विचारले. मला सगळे पाठ होते. प्लेज, व्हाऊ, आणि उलट ब्रेक. हात मी वर केला, सरांनी विचारलं माझ्या मैत्रिणीला, रजनीला. तिला एकही आठवेना, तर म्हणते कशी, "सर, आपल्या इथी साक्षगंध होते ना, तेच प्रॉमिस. आन् साक्षगंधाची साडी वापस केली का त्याच्या उलट!" सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "वा! साखरपुडा म्हणजे प्रॉमिस. असं ध्यानात ठेवा."

माझं साक्षगंध मोडलं तेव्हा ती जांभळी साडी घडी घालून रजनीनंच पिशवीत भरली होती. साडी माझी वापस गेली आणि शाबासकी हिला! मुद्दाम बोलली का? नाही, विसरली असेल. विसरली याचाच जास्त राग येतो.

रविवारी तिचं साक्षगंध. क्लास सुटल्यावर होणाऱ्या सासूनं पाठवलेले तीन साड्यांचे फोटो मोबाइलवर दाखवत म्हणाली, "सांग न वं, कोनती घेऊ? मले तं काई समजून नाई राह्यलं." एक हिरवी, एक लाल, एक जांभळी. अगदी तसलीच जांभळी.

"जांभळी घे," मी म्हटलं. "तुले शोभून दिसते."

घरी येईपर्यंत डोक्यात एकच: मोडलेल्या साक्षगंधाचा रंग मी तिला सांगितला. फोन करून सांगावं का, की लाल घे? किती वेळ फोन हातात धरून बसले.

आत्ता तिचाच मेसेज आला. "जांभळीच सांगतली, तुह्या शब्दावर."