गारांचे पोचे

अण्णा,

मागच्या आठवड्यात मुरुडकडं गारा झाल्या, लिंबाएवढ्या. दुसऱ्या दिवशी लातूरचं आपलं दुकान उघडायला गेले, तर मुरुडचे मास्तर, तुमचं जुनं गिऱ्हाईक, गाडी घेऊन दारात उभे. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली गाडी, अन् टप, बॉनेट देवीचे वण असावेत तसं पोच्यांनी भरलेलं. "रंग न उडवता निघंल का, बाई?" निघेल म्हटलं. टपाचं आतलं अस्तर उतरवलं, सळई सारली आणि एकेक पोचा खालून दाबत वर आणत बसले. जोर जरा जास्त झाला की रंगाला तडा जातो. तीन दिवस लागले. तिन्ही दिवस तुम्ही आठवत होता.

तुम्ही मला दुकानाची पायरी चढू देत नव्हता. डबा दारातच घ्यायचात. एकदा मी आत शिरून मडगार्डवर दोन ठोके घातले, तर गिऱ्हाइकासमोर ओरडलात, "ठिव ती हातोडी! हे बायांचं काम न्हाई." आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. मग शेवटच्या वर्षी तुम्हाला बारीक पोचे दिसेनासे झाले. एका दुपारी दुकानात कोणीच नाही. मी डबा घेऊन येते. तुम्ही माझा हात धरून बॉनेटवर ठेवता.

"लागतंय का काही बोटांना?"

"न्हाई, अण्णा."

"डोळे मीट. हळू फिरव."

आणि बोटांखाली डाळीएवढं खोलगट लागतं. "व्हय, हितं!" तुम्ही हसता. तेवढ्यात गाडीचा मालक येतो, आणि तुम्ही माझा हात बाजूला सारता. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. पुढचं सगळं मी नांदेडला एका उस्तादांकडं शिकले. त्यांनी मनापासून शिकवलं. पण मला ते तुमच्याकडून शिकायचं होतं, अण्णा. अजूनही वाटतं.

आज मास्तर गाडी न्यायला आले. उन्हात वाकून वाकून टप बघितला, एकही पोचा सापडला नाही. बाहेर पेंटर दुकानाची पाटी नव्यानं रंगवत होता. त्यानं विचारलं, "ताई, आता तुमचं नाव टाकू का?" मी म्हटलं, "अण्णांचंच राहू द्या." मास्तरांचे डोळे भरून आले. लेकीची माया वाटली त्यांना. माया होतीच. पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती होती. बाईचं नाव वाचून गाड्या दारावरून पुढं जातील याची.