प्याला कोणाच्या हातात होता

१२ जानेवारी, रविवार

उपासना सुटल्यावर पास्टरांनी ऑफिसात बोलावलं. आपल्या चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं होतात, स्मरणिका काढायची, इतिहास मी लिहावा म्हणतात. म्हटलं, मी नर्स. जन्मभर केसपेपर लिहिले, इतिहास कुठला? हसले. नगरकडचे आहेत, इथे येऊन फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे सगळं सोपं वाटतं त्यांना.

"सिस्टर, तुमचे वडील पंचांचे सेक्रेटरी होते. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

मग खरी गोष्ट निघाली. इतवारीपलीकडच्या टिनाच्या चर्चचे लोक शंभरीच्या उपासनेला यायला तयार आहेत. आपल्यातूनच फुटून गेलेले लोक. मी लहान होते तेव्हापासून त्यांनी आपल्या दारात पाऊल टाकलेलं नाही. अट एकच. आम्ही का गेलो ते लिहा.

"एखादा परिच्छेद. सौम्य असा," पास्टर म्हणाले.

जुन्या दप्तराचं विचारलं. त्या वर्षांची पानं वाळवीने खाल्ली म्हणाले. म्हणजे माणसांनाच विचारत फिरायचं.

हो म्हणून आले. काहून म्हटलं, कळत नाही.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. शेजारच्या वहिनी तिळगूळ देऊन गेल्या. त्यातलाच थोडा घेऊन थोरल्या भावाकडे, मनोहरदादाकडे गेले. त्याची बायको वारल्यापासून एकटाच असतो, सणावारी कोणी आलं की आवडतं त्याला, दाखवत नाही.

फुटीचं विचारलं. लगेच म्हणाला, "ढोलकी. त्यायले ढोलकीवर भजनं पाहिजे होती, आपल्या लोकायले ऑर्गन. लिही तसं."

घरी आम्ही हेच ऐकलेलं. बाबा इतकंच म्हणत, ते गेले, आम्ही अडवलं नाही.

"एवढ्यासाठी कोणी चर्च सोडते का गा दादा?"

"तुले काय माहीत. तू पोट्टी होती."

होते. पण दादा तर चांगला मोठा होता, दृढीकरण होऊन प्रभुभोजन घ्यायला लागला होता. पुढच्या बाकावर बसायचा. त्याला आठवत असणारच. मग ढोलकी म्हणताना खिडकीबाहेर काय पाहत होता?

१७ जाने., शुक्र.

डेव्हिडकाकांकडे गेले. आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे पूर्वी. आता बोटं वाकडी झालीत, डोकं साफ आहे. मुलीने चहा आणि संत्री ठेवली. काका सोलत बसले, मी विचारत बसले.

ढोलकीचं नाव काढताच हसायला लागले. "अवं, ढोलकी तर मीच शिकवली त्यायले! ढोलकीचा काही झगडा नव्हता."

मग?

"खोकला होता."

नरखेडकडच्या गावांतून गिरणीत कामाला आलेली ती कुटुंबं. त्यातल्या एका बाईला क्षय होता. तेव्हा प्रभुभोजनाला भाकरीनंतर द्राक्षरसाचा एकच प्याला असे, पंचांपैकी कोणी तो धरी, सगळे त्याच्यातून पीत. बाई पुढे आली. तिला म्हटलं, तू थांब, तू आज नको घेऊ. ती परत फिरली, तिच्यामागे सगळेच्या सगळे उठून गेले.

"कोणी म्हटलं थांब?"

काकांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "मी ऑर्गनवर होतो बाई. माझी पाठ होती तिकडं."

ट्रेमधले छोटे छोटे ग्लास त्यानंतरच आले म्हणे. मला वाटायचं पहिल्यापासून तेच.

क्षय असेल तर नर्स म्हणून मला पटतं. त्या काळी मीही थांबवलं असतं. पटलं म्हणून बरं वाटत घरी आले. मग वाटलं, बरं का वाटून राहिलं?

१९ जाने., रविवार

आयुष्यात पहिल्यांदा आपलं चर्च सोडून रविवारी दुसरीकडे गेले. इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीतून, रविवार असून हातगाड्या आहेतच. रिक्षावाल्याने रुळाच्या अलीकडेच सोडलं. पुढे पायी. टिनाचं चर्च आता टिनाचं नाही, पक्कं आहे, फरशी आपल्यापेक्षा चांगली. नाव मात्र तेच. ढोलकी, झांज, सगळे उभे राहून गातात. चाली आपल्याच, फक्त जिवंत.

प्रभुभोजन होतं. पितळी प्याला, एकच. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे त्यातून पितात, कोरोनातसुद्धा सोडला नाही म्हणतात. मी माझ्या जागेवर बसून राहिले. कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही.

नंतर सगुणाबाईंनी हात धरला. अंगणवाडीत होत्या, आता रिटायर. माझ्याहून लहान, पण मंडळीत त्यांचा शब्द चालतो. जिला परत पाठवलं ती यांची आई.

"तुम्ही शांतवन मास्तरची पोरगी नं?"

हो म्हटलं.

"तुमच्या बापानंच मागं घेतला प्याला. माझी माय पुढे झाली, प्याला ओठाशी आला होता, अन् त्यायनं हात मागं घेतला. सांगा, लिहाल?"

क्षयाचं विचारलं. त्या ताडकन म्हणाल्या, "खोकला तर साऱ्या गिरणीले होता. तुमच्या लोकायलेही होता. मायलेच काहून थांबवलं? तुम्ही पाटलाच्या घरून बाटलेले, आम्ही वेशीबाहेरचे. बस."

रिक्षात रडायला आलं. कोणासाठी, कळलं नाही.

२० जाने., सोम.

बाबा नेहमी म्हणत, जात आपण चपलांसोबत दाराबाहेर काढून आत आलो. जेवताना म्हणत, शाळेत म्हणत. अशा माणसाने?

पण मला आठवतं का काही? एक बाई दाराकडे जातेय, दारातून ऊन येतंय, पाठीवर हिरवं लुगडं, कडेवरचं मूल रडतंय. आईने माझं मनगट घट्ट धरलेलं. हे मला आधीपासून आठवत होतं की काल सगुणाबाईंचं ऐकून तयार झालं? लुगडं त्यांनी सांगितलं नव्हतं. मूल? तेही नाही बहुतेक. नक्की नाही.

२२ जाने., बुध.

दादाकडे जायला नको होतं. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, मग उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

"बाबाले मरून इतके वर्ष झाले. आता त्यायले कोर्टात उभं करतं का?"

"तू पुढे बसला होतास गा दादा. काय झालं तेवढं सांग."

"ढोलकी."

"दादा!"

"सुशे, तू हे लिहिलं तर माझ्या दारात येऊ नको."

आले निघून. भाजीत मीठ दोनदा पडलं आज.

२६ जाने., रविवार

झेंडावंदनानंतर पंचांची बैठक झाली, मलाही बसवलं. टिनाच्या चर्चची आणखी एक मागणी आली: एकत्र उपासनेला प्रभुभोजन एका प्याल्यातून. आपल्याकडच्या अर्ध्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. रोगराई, वय झालेली माणसं, वगैरे. मला विचारलं, सिस्टर, तुम्ही सांगा. सांगितलं की थोडा धोका असतो. खरंच असतो. पण बोलताना माझा आवाज मलाच बाबांसारखा वाटला.

शेवटी ठरलं, मेजावर दोन्ही राहतील. ट्रे पण, प्याला पण. ज्याला जे पाहिजे ते.

पास्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गैरसमजातून काही कुटुंबे वेगळी झाली, इतकंच लिहू या का?"

गैरसमज कोणाचा, विचारलं.

३० जाने., गुरु.

सगुणाबाईंना पुन्हा भेटले, या वेळी त्यांच्या घरी. नरखेडहून भाच्याने मोसंबी पाठवलेली, रस काढून दिला. आज मऊ होत्या. म्हटलं, एकदा नीट सांगा, मला लिहायचंय, शब्द चुकायला नको.

आज गोष्ट वेगळी निघाली. आज बाबांनी हात मागे घेतला नाही. कोणीतरी मागून ओरडलं, "तिले नको," आणि बाबा प्याला धरून तसेच उभे राहिले, खाली पाहत. ना दिला, ना घेतला. मायने वाट पाहिली आणि वळली.

"त्या दिवशी तुम्ही म्हणाल्या हात मागे घेतला."

पदराशी चाळा. "मी कडेवर होती वं बाई. मले काय आठवणार? माय सांगे तेच सांगते. माय कधी असं सांगे, कधी तसं. ज्या दिवशी जास्त दुखे त्या दिवशी तुमच्या बापाचं नाव घे."

मग म्हणाल्या, "एक मात्र पक्कं लिहा. तिनं मरेपर्यंत पुन्हा प्रभुभोजन घेतलं नाही. आमच्यातही नाही. साऱ्या बायकायले पुढे पाठवे, आपण मागं बसे."

ओरडणारा कोण, ते त्यांना माहीत नाही. मी विचारलंही हळूच, आणि उत्तर मिळालं नाही याचं हायसं वाटलं.

प्याला धरून नुसतं उभं राहणं. हात मागे घेण्यापेक्षा हे बरं की वाईट? दिवसभर दोन्ही बाजूंनी विचार करून राहिले. बाबा ठरवू शकले नाहीत, असं म्हटलं की ते मला माझे बाबा वाटतात. घरातही आई विचारायची आणि ते भिंतीकडे बघायचे.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहिलं. फाडलं. लिहिलं. पास्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "हे सौम्य नाहीये, सिस्टर."

"नाही."

"आणि यातून निष्कर्ष काहीच निघत नाही."

"माझ्याकडूनही निघत नाही."

म्हणाले, छापायचं नंतर बघू, पण पुढच्या रविवारी वाचा. तुम्हीच वाचा. त्यांना माझं पटलं की त्यांना ते स्वतःच्या तोंडून नको होतं, माहीत नाही.

दादाला निरोप पाठवला की वाचणार आहे.

९ फेब्रु., रविवार

झालं.

दोन्हीकडचे मिळून चर्च भरलं, व्हरांड्यात खुर्च्या. त्यांची ढोलकी आणि आपला ऑर्गन पहिल्या गाण्याला जुळेचनात, दुसऱ्याला जुळले. डेव्हिडकाका व्हीलचेअरवर ताल धरून. दादा आला! मागच्या बाकावर, दाराशी, कोट घालून.

वाचलं. जे वाचलं त्यातला तेवढा भाग इथे ठेवते:

"त्या रविवारी एक बाई प्रभुभोजनाला पुढे आली आणि न घेता परत गेली. कोणी म्हणतं ती आजारी होती. कोणी म्हणतं तिची जात पाहिली. कोणी म्हणतं असं काही झालंच नाही, ढोलकीवरून वाद झाला. मी तिथे होते आणि मला सांगता येत नाही. प्याला माझ्या वडिलांच्या हातात होता. तो तिच्यापर्यंत पोचला नाही. तिच्यासोबत अर्धी मंडळी गेली आणि उरलेले आम्ही तिला बोलवायला गेलो नाही."

कोणी खोकलंसुद्धा नाही. आपल्या पंचांपैकी दोघे खाली पाहत होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने "आमेन" म्हटलं, पण रागाने की बरं वाटून, सांगता येणार नाही. सगुणाबाईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग प्रभुभोजन. मला वाटलं होतं त्यांचे प्याल्याकडे जातील, आपले ट्रेकडे. पण सगळी सरमिसळ झाली. त्यांची तरुण पोरं ट्रेमधून घेऊन राहिली, आपल्या महिला मंडळाच्या बायका प्याल्याकडे. मी प्याल्यातून घेतलं. नर्सचं मन काय म्हणायचं ते म्हणत होतं, कडा पुसली का, कापड स्वच्छ आहे का. घेतलं तरी.

सगुणाबाईंनी ट्रे, प्याला, कशातूनच घेतलं नाही. भाकर घेतली, प्याल्यासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि परत जागेवर येऊन बसल्या. वाटलं होतं आज इथे घेतील. अशी अपेक्षा करणारी मी कोण.

आणि अगदी शेवटी दादा उठला. काठी टेकत टेकत पुढे आला. पास्टरांनी प्याला पुढे केला. तेवढ्यात पास्टरांचा झगा मध्ये आला, रांगेतली माणसं परतत होती, मला काही दिसलं नाही. दिसलं तेव्हा दादा वळलेला, रुमालाने तोंड पुसत होता. घाम असेल. रडला असेल. प्यायला असेल.

जेवणाच्या पंगतीत शोधलं. निघून गेला होता.

१० फेब्रु., सोम.

सकाळी दादा दारात. न सांगता. स्वतःच म्हणाला होता येऊ नको, तर आता तोच आला. चहा ठेवला. बशीत ओतून प्यायला, बाबांसारखा.

विचारलं, "काल घेतलं का प्याल्यातून?"

"तुले दिसलं नाही काय?"

"नाही."

"मग राहू दे."

मी चिडले. म्हटलं, काल घेतलं की नाही ते सांगत नाहीस, तेव्हा काय झालं ते सांगत नाहीस, तिकडे "तिले नको" म्हणून कोण ओरडलं ते तरी... पुढचं बोलता आलं नाही. दादाने बशी खाली ठेवली. तोंडावरून हात फिरवला. मला एकदम भीती वाटली की आता सांगेल.

भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काल तू एक बाई, एक बाई वाचून राहिली होती. नाव काय होतं तिचं?"

दोनदा भेटले सगुणाबाईंना, घरी गेले. रस प्यायले. आईचं सगळं विचारलं, प्याला, खोकला, मरेपर्यंतचं. नाव विचारलं नाही.

"माहीत नाही गा," म्हटलं.

"मलेही," दादा म्हणाला. "तेव्हाही नव्हतं माहीत."

तो अजून बाहेरच्या खोलीत बसलाय, चपला घातल्यात पण उठत नाही. सगुणाबाईंना फोन लावला. वाजून राहिला. उचलला नाही. पुन्हा लावते.