फाट्यावरचं वऱ्हाड

सोम. ८ जुलै
आजही बस फाट्यावर थांबली नाही. पायल परत आली. डबा घरीच खाल्ला, दप्तर कोपऱ्यात. गावातल्या चावडीवर बस थांबते, आमच्या वस्तीच्या फाट्यावर मात्र गाडी भरलेली असते. रोज बरी भरते. आठवीत गेली पोरगी, आणि आज म्हणे, "आई, मले शाळाच नको." जेवणच गेलं नाही.

मंगळ. ९
सासूबाईंजवळ रडगाणं गायलं. त्या हसल्याच. त्या लहान होत्या तेव्हा गावविहिरीवर आपल्या लोकायले पाणी नव्हतं. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन गेल्या, हाकललं, दुसऱ्या दिवशी परत गेल्या. सासूबाईंनी तेव्हा आईचा पदर धरलेला. म्हणे, "भांडलो नाही वं. नुसत्या रोज गेलो. भांडायले रोज नवं कारण लागते, पाण्याले नाही लागत."
मग ठरलं. उद्या वस्तीतल्या शाळेच्या चारी पोरींसंगं आम्ही बायापण फाट्यावर.

बुध. १०
हसून हसून पोट दुखून राह्यलं.
सासूबाईंचा हुकूम, जायचं तर जयंतीच्या पांढऱ्या साड्या नेसून. शेजारची नंदा लेझीम घेऊन आली, कोणी सांगितलं होतं तिले? ड्रायव्हरनं लांबून पांढऱ्या साड्या पाह्यल्या, लेझीम ऐकली. आपल्यातली पांढऱ्या साड्यांची लग्नं पाह्यलेला माणूस, त्याले वाटलं वऱ्हाड. आपणहून गाडी थांबवली.
"नवरी कोणती?"
सासूबाईंनी चारी पोरी पुढं ढकलल्या. "ह्या चारी. नीट पोचव, बापा."
बसमधले सगळे हसले, ड्रायव्हरही. कंडक्टरचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. पण पोरी चढल्या.

गुरु. ११
परत गेलो. कंडक्टर: "रोज लग्न हाय का तुमच्यात?"
नंदा: "हाव, दहावी होईपर्यंत."
गावातली एक म्हातारी खिडकीतून पायलले म्हणाली, "ये वो, सरकते मी." फार बरं वाटलं.

शनि. १३
सोमवारपासून सोयाबीनचं निंदण. सगळ्या बाया वावरात, फाट्यावर कोण उभं राहणार? डेपोत अर्ज दिला, त्यांचं काही उत्तर नाही. मी पायलले म्हटलं, मी खाडा करते.
"नको. वऱ्हाड काय रोज येते? आम्ही चौघी पाहू."
कुठून आलं हे बोलणं हिच्यात. मले तर धडकीच भरली.

सोम. १५
सकाळी वावरातून बसचा हॉर्न ऐकू आला. सगळ्यांचे विळे थांबले. बाभळींमुळं काही दिसलं नाही. थांबली की गेली, नंदाचं एक म्हणणं, माझं एक.
दुपारी राहवलं नाही, घरी पळत आले. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या.
"पायल परत आली का?"
"नाही."
"मग बस थांबली म्हणायची?"
"ते मले काय माहीत? थांबली असंल, नाहीतर पोरी पायी गेल्या असतील. घरी नाही आल्या, एवढं खरं."